कृष्णाबाईची जबानी

माझे वडील विद्याधर गलगली बंगळुरातल्या एका फौजदारी कोर्टात एकोणीस वर्षं दुभाषी होते. आरोपीला किंवा साक्षीदाराला कानडी येत नसलं की अप्पांना बोलावणं यायचं. मराठी, उर्दू, कामापुरतं तेलुगू. समोरचा माणूस जे बोलेल ते इंग्रजीत सांगायचं आणि कारकून ते टाइप करून घेणार, एवढंच काम. कोर्टात सगळे त्यांना मानानं ‘रायरे’ म्हणत. आम्ही चिकपेटेच्या मागच्या गल्लीत एका कापडदुकानाच्या वर राहत होतो. घरात मराठी होती, पण चार पिढ्यांनी झिजवलेली; ‘थोडं’ म्हणायच्या जागी सहज कानडी ‘स्वल्प’ म्हणून जाणारी. अप्पांना मात्र नेमक्या शब्दाचा फार अभिमान. “दुभाष्याला स्वतःचं मत नसतं,” असं ते जेवताना आम्हाला सांगत.

१९५७ च्या जूनमध्ये त्यांनी एका बाईची जबानी बदलली. पुढचं सगळं मला त्यांच्याकडून आणि आईकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

त्या वर्षी शहराच्या पूर्वेला एक मोठा कारखाना उभा राहत होता. खडी फोडायला, पाया खणायला लांबलांबून माणसं आली होती. त्यांची पत्र्याची छपरं तळ्याच्या कडेला होती. त्या भागाच्या नगर कमिटीनं एक नियम केला होता. ज्याच्याकडे शहरात राहत असल्याचा दाखला नाही, त्याला मेल्यावर तिथल्या दफनभूमीत जागा नाही. असं प्रेत बेवारस धरायचं. कमिटीची लॉरी येई, प्रेत तळ्यापलीकडच्या खड्ड्यात टाकी आणि संध्याकाळी वर चुना पसरत. छपरातल्या एकाही माणसाकडे तो दाखला नव्हता. मालक भाड्याची पावती देई त्यालाच दाखला मिळे, आणि छपरांना कसली पावती?

मंगळवेढ्याच्या बाजूची कृष्णाबाई आपल्या धाकट्या भावाबरोबर, नागनाथबरोबर, तिथं राहत होती. धनगराची माणसं. दुष्काळात मेंढरं गेली, मग दोघं मजुरीवर निघाली. आईबाप नव्हते, तिचा नवराही नव्हता. नागनाथ परांचीवरून घसरून पंधरा हात खाली पडला आणि दोन दिवसांनी गेला. सकाळी लॉरी आली. कृष्णाबाई म्हणाली, “आमच्यात पुरत्यात. मी पुरते.” मुकादमानं नियमाचा कागद तिला वाचून दाखवला. तिनं पुन्हा वाचायला लावला. मग ती बाजूला झाली.

दुपारी खड्ड्यावरचा राखणदार जेवायला गेला, तेव्हा ती छपराचा एक पत्रा आणि खोरं घेऊन आली. भावाला खड्ड्यातून काढलं, पत्र्यावर घातलं आणि दोरीनं ओढत दोनशे पावलांवरच्या दफनभूमीत नेलं. नुकत्याच झालेल्या पावसानं जमीन मऊ होती आणि खणण्याचं काम ती रोजच करत होती. उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत तिनं त्याला पुरलं. राखणदार आला तेव्हा ती ढिगाऱ्याशी बसून होती.

“पळून का गेली नाहीस?” त्यानं कानडीत विचारलं. तिला ते कळलं नाही. ती पाण्याची घागर घेऊन उठली, मातीवर पाणी सोडलं आणि त्याच्याबरोबर चालू लागली.

तिसऱ्या दिवशी ती अप्पांच्या कोर्टात उभी होती. मॅजिस्ट्रेटसाहेब वयस्कर, निवृत्तीला आलेले, मनानं मऊ. त्यांनी इंग्रजीत विचारलं, ते अप्पांनी मराठीत केलं.

“हा नियम तुला ठाऊक होता का?”

“ठावं व्हतं,” कृष्णाबाई म्हणाली. “मुकादमानं दोनदा वाचून दावलं.”

“मग का केलंस?”

“नियम तुमचा, भाऊ माझा. मी हितं हुबी हाय, मग त्यो बेवारस कसा? परत तिथं टाकला तर परत काढीन. काय शिक्षा आसंल ती द्या.”

अप्पा सांगत की ती हे मोठ्यानं बोलली नाही. पत्ता सांगावा तसं बोलली. अंगावरचं लुगडं चिखलानं कडक झालेलं होतं आणि ती वारंवार दाराकडे बघत होती, जणू हे आटोपून तिला कुठंतरी जायचं होतं. नियमाप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होती. अप्पांना वाटलं, ही बाई तुरुंगात मरेल. तिची भाषा बोलणारं तिथं कोणी नसेल. साहेबांनाही तिला सोडायचंच आहे, त्यांना फक्त एक निमित्त हवं आहे. आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं: बाई अडाणी आहे, तिला नियम माहीत नव्हता, दुःखात चूक झाली, ती माफी मागते, पुन्हा असं करणार नाही.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. “समज देऊन सोडा,” ते म्हणाले. मग चष्मा पुसत त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं. आरोपीनं चूक कबूल केली असल्यानं प्रेत नियमानुसार मूळ जागी परत नेण्यात यावं.

अप्पांनी हे गृहीत धरलं नव्हतं.

कृष्णाबाई त्यांच्याकडे बघत होती. “काय म्हनलं सायब?”

“सुटलीस तू. जा घरी.”

“मी बोलले त्ये समदं सांगितलंसा?”

“सांगितलं.”

“मंग शिक्षा का न्हाई?”

“साहेब दयाळू आहेत, बाई. जा आता.”

“आन् नागनाथ?”

पुकारा झाला, पुढचा आरोपी आत आला. अप्पा म्हणाले, “तो आहे तिथंच आहे.” ती त्यांच्या पाया पडली. अप्पांनी पाय मागे घेतले, असं ते म्हणायचे. आईचं म्हणणं, घेतले नसतील. पुढं त्यांना तसं वाटायला लागलं असेल.

दोन दिवसांनी ती कोर्टाच्या पायरीवर आली. दफनभूमीतली माती उकरलेली तिनं पाहिली होती. शिपायाला ती एकच गोष्ट सांगे, “माझं बोलनं परत घ्या.” शिपायाला मराठी येत नव्हतं. त्यानं येऊन अप्पांना विचारलं, “रायरे, ती बाई काय म्हणते?” अप्पा म्हणाले, “दुःखानं डोकं फिरलंय तिचं. केस संपली म्हणून सांग.” त्या दिवसापासून ते मागच्या जिन्यानं ये-जा करू लागले. ती अकरा दिवस आली. पाऊस असला की व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राही. बाराव्या दिवशी आली नाही. अप्पांना बरं वाटलं. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, “मला बरं वाटलं गं.”

त्यानंतर दुसऱ्या रविवारी आमच्या घरी बसवंतअण्णा आले. ते गिरणीत विणकर होते, मूळचे निपाणीकडचे, आणि छपरातल्या माणसांची संघटना बांधत होते. मॅट्रिकपर्यंत शिकलेले, कायद्याची पुस्तकं वाचणारे. पांढरा सदरा, काखेत छत्री. माझ्या हातचं पाणी घेतलं आणि बसायच्या आधीच म्हणाले, “रायरे, ती कृष्णाबाई गेली.”

ती पुन्हा खड्ड्यात उतरली होती. या वेळी वर चुना होता आणि पावसानं तो उकळून उठला होता. हात कोपरापर्यंत भाजले. भाऊ तिला सापडला नाही. तोवर तिथं आणखी चार माणसं पडली होती. सरकारी दवाखान्यात ती सहा दिवस होती. तिच्याकडे दाखला नव्हता आणि आता कोणी नातलगही नव्हता. लॉरी तिलाही त्याच खड्ड्यात घेऊन गेली.

“कोर्टाच्या कागदावर लिहिलंय की तिनं माफी मागितली,” बसवंतअण्णा म्हणाले. “छपरातल्या बायका सांगतात, ती रोज पायरीवर जाऊन उभी राहायची. माफी मागून सुटलेली बाई परत कोर्टात कशाला येईल? तुम्ही होतात तिथं. नक्की काय बोलली ती?”

अप्पा पानाला चुना लावत होते. डबी तशीच उघडी राहिली. “कागदावर आहे तेच,” ते म्हणाले.

बसवंतअण्णांनी उघड्या डबीकडे बघितलं. मग “सरी, ठीक आहे,” म्हणून छत्री उचलली आणि गेले. त्या दिवशी अप्पांनी पान सोडलं. दिवाळीला भिंतींना चुना लावायची वेळ आली तेव्हा ते तीन दिवस बहिणीकडे जाऊन राहिले. आईला वाटलं, दम्याचा त्रास असेल.

घरात हळूहळू दुसरंच काहीतरी सुरू झालं. आम्ही काही बोललो की अप्पा विचारत, “काय म्हणालीस? नक्की काय म्हणालीस?” मी मीठ मागितलं तरी. कोर्टात प्रत्येक वाक्यापूर्वी ते थांबू लागले, वकील कुरकुरत. चिकपेटेत सोलापूरकडच्या लुगड्यातली बाई दिसली की तिच्या मागून चालत जात आणि ती वळली की भलत्याच दुकानात शिरत. एकदा माझ्यादेखत त्यांनी अशा एका बाईला थांबवलं. तिनं विचारलं, “काय वो?” अप्पा तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. ती बाई घाबरली. मी त्यांचा हात धरून त्यांना घरी आणलं. वाटेत म्हणाले, “आवाज तिचाच आहे. सगळ्यांचा तिचाच आहे.”

आईनं एक दिवस दार लावून त्यांना समोर बसवलं. “काय झालंय ते आज सांगा, नाहीतर मी बसवंतअण्णांना विचारते.” अप्पांनी सांगितलं. आईनं उठून दाराची कडी काढली. मग म्हणाली, “तुम्ही तिला वाचवायला गेलात.”

“तसं म्हणू नकोस,” अप्पा म्हणाले. “तसं मीच मला रोज म्हणतो.”

१९५८ च्या जानेवारीत छपरातला एक म्हातारा वारला. या वेळी बसवंतअण्णा तयार होते. त्यांनी पोलिसांना चिठ्ठी पाठवली की उद्या सकाळी दहा वाजता, मुख्य रस्त्यानं, आम्ही नियम मोडून प्रेत दफनभूमीत नेणार आहोत. साठ माणसं निघाली. हात मागे बांधून चालायचं, कोणी ढकललं तर खाली बसायचं, शिवी द्यायची नाही, असं त्यांनी आठवडाभर सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. फाटकावर लाठ्या पडल्या, तरी एकही दगड उचलला गेला नाही. साठजण पकडले गेले, आणि खटला अप्पांच्याच कोर्टात, त्याच साहेबांसमोर आला.

बसवंतअण्णांना कानडी उत्तम येत होतं, इंग्रजीही समजत होतं. पण जबानी त्यांनी मराठीत दिली. खिडकीबाहेर मंगळवेढ्याची, जतची माणसं ऐकायला उभी होती. सुरुवातीलाच म्हणाले, “रायरे, एक शब्द गाळू नका. मला इंग्रजी कळतं.”

अप्पांनी एक शब्द गाळला नाही. नियम ठाऊक होता. जाणून मोडला. कायद्याबद्दल आदर आहे, म्हणूनच उघड मोडला आणि शिक्षा भोगायला उभा आहे. मेलेल्या माणसाला बेवारस ठरवणारा कागद हा कायदा नाही. कमिटीनं तो मागे घ्यावा, आम्ही उद्यापासून तिच्याशी भांडणार नाही. अप्पा हे सगळं खणखणीत इंग्रजीत सांगत गेले.

मग बसवंतअण्णा म्हणाले, “मी पहिला नाही. माझ्याआधी एक बाई एकटी गेली. तिलाही नियम ठाऊक होता.”

साहेबांनी हात वर केला. मागची फाइल मागवली, पान उलटलं. “त्या बाईनं माफी मागितली होती. तिला नियम माहीत नव्हता. नोंद आहे.”

हे मराठीत सांगायचं काम अप्पांचं. बसवंतअण्णा त्यांच्याकडे बघत होते. खिडकीतली माणसंही बघत होती. अप्पा म्हणत, त्या क्षणी भीती वाटली नाही.

“साहेब,” ते इंग्रजीत म्हणाले, “ती नोंद खोटी आहे. ती मी खोटी केली.”

कारकुनाचं टाइपयंत्र थांबलं. अप्पांनी तिची जबानी आधी मराठीत सांगितली, तिच्याच बोलीत, तिच्याच सावकाशीनं. ठावं व्हतं. नियम तुमचा, भाऊ माझा. परत टाकला तर परत काढीन. मग तेच इंग्रजीत. खिडकीबाहेर एक म्हातारी रडायला लागली. साहेबांनी चष्मा काढला.

“का केलंत असं, गलगली?”

“वाटलं, ती सुटेल.”

“आणि ती सुटली.”

“होय साहेब, सुटली.”

साहेबांनी फाइल मिटली. निकालपत्रात शेवटी त्यांनी लिहिलं की हा नियम आपण लागू करत आहोत, पण तो योग्य आहे असं आपल्याला वाटत नाही. बसवंतअण्णांना तीन महिने झाले, बाकीच्यांना समज देऊन सोडलं. अप्पांना त्याच संध्याकाळी घरी बसवलं, चौकशी झाली आणि नोकरी गेली. चौकशीत त्यांनी वकील घेतला नाही. “जे केलं ते केलं,” एवढंच लिहून दिलं. पुढं चिकपेटेतल्या एका साड्यांच्या ठोक दुकानात सोलापूर-इचलकरंजीची पत्रं लिहायचं काम त्यांना मिळालं.

बसवंतअण्णा सुटले त्या दिवशी तुरुंगाच्या दाराशी शंभरएक माणसं हार घेऊन होती. अप्पाही मला घेऊन गेले होते, मागे उभे होते. परत येताना माझ्याशी बोलले. त्यानंतरची दहा वर्षं ते त्या दोघांचाच विचार करत राहिले, पण मला वाटतं, सुरुवात त्या दिवशी झाली.

“बसवंतला नियम बदलायचा होता,” ते म्हणाले. “म्हणून तो पोलिसांना आधी कळवतो, माणसं गोळा करतो, साहेबांनाही समजावतो. समोरच्याला शरम वाटावी, त्यानं सुधारावं असं त्याला खरंच वाटतं. तिला कुणाला सुधारायचं नव्हतं. कमिटी असो, नसो. तिला भाऊ पुरायचा होता. तिनं कुणाला बोलावलं नाही, कुणाची वाट पाहिली नाही. तो जिंकू शकतो. ती कशी जिंकणार होती?” थोडं चालून गेल्यावर म्हणाले, “पण कोर्टात दोघं एकच बोलले बघ. ठाऊक होतं, केलं, शिक्षा द्या. एकाला इंग्रजी कळत होतं म्हणून त्याचं बोलणं जसंच्या तसं राहिलं.”

नियम १९६१ मध्ये गेला. आणखी दोन मोर्चे, एक अपील आणि बसवंतअण्णांच्या तुरुंगाच्या आणखी दोन वाऱ्या झाल्या. अपिलात कृष्णाबाईची खरी जबानी वाचली गेली; अप्पांच्या कबुलीमुळे ती नोंदीत आली होती. खड्डा बुजवला, कुंपण घातलं. आत कोण कुठं आहे हे सांगता येण्यासारखं नव्हतं. तिथं एक दगड लावायचं ठरलं आणि बसवंतअण्णा मजकूर घेऊन आमच्याकडे आले. कामगारांच्या हक्कांसाठी प्राण देणारी वीर कृष्णाबाई, असा तो मजकूर होता.

अप्पांनी वाचला, परत दिला. “हे ती म्हणाली नाही.”

“म्हणाली नसेल, पण केलं तेच ना?”

“नाही. हक्क हा तुमचा शब्द आहे, बसवंतअण्णा. चांगला शब्द आहे. पण तिचा नाही.”

“रायरे, एका बहिणीच्या दुःखासाठी माणसं रस्त्यावर येत नाहीत. हक्कासाठी येतात. मला उद्याही माणसं लागणार आहेत.”

“मग तुमच्या नावाच्या दगडावर लिहा,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, कधी नव्हे तो. “तिचं बोलणं एकदा मी बदललं. चांगल्यासाठीच बदललं होतं. तुम्हीही चांगल्यासाठीच बदलताय.”

बसवंतअण्णांचा चेहरा पडला. मार खाताना, तुरुंगात जाताना मी तो कधी तसा पाहिला नव्हता. आईनं आणलेली कॉफी तशीच ठेवून ते उठले. महिनाभर आले नाहीत. मग एक दिवस दगड घडवणारा माणूस घरी आला. बसवंतअण्णांनी पाठवलं होतं, अक्षरं नीट आहेत का बघायला. कागदावर दोनच ओळी होत्या. नागनाथ. त्याची बहीण कृष्णाबाई.

दगड बसवला त्या दिवशी मीही गेले होते. भाषणं झाली नाहीत. छपरातल्या बायकांनी पाणी सोडलं, दहीभात ठेवला. नंतर अप्पा आणि बसवंतअण्णा तळ्याच्या कडेनं बसथांब्याकडे चालत होते, मी दोन पावलं मागे होते.

“शेवटी तिच्या मनात राग नसेल,” बसवंतअण्णा म्हणाले. “मला आपलं वाटतं.”

“दवाखान्यात गेला होतात तुम्ही?”

“एकदा. ती झोपली होती. घाईत होतो, युनियनची सभा होती.” ते थांबले. “उठवलं नाही. तुम्ही?”

अप्पांनी नकारार्थी मान हलवली.

“म्हणजे ती काय बोलली असेल…”

“कुणालाच ठाऊक नाही,” अप्पा म्हणाले. “सहा दिवस होती तिथं. तिची भाषा समजणारं कुणी नव्हतं. तिनं काहीतरी मागितलं असेल, नर्सला काही सांगितलं असेल. पाणीसुद्धा मराठीतच मागितलं असेल.”

बस आली. दोघांनी एकमेकांना आधी चढायला सांगितलं, मग कंडक्टर ओरडला तसे चढले आणि वेगवेगळ्या बाकांवर बसले. अप्पा त्यानंतर सहा वर्षं जगले. त्या वर्षांत ते अधूनमधून त्या सरकारी दवाखान्यात जात, मोठ्या वॉर्डातून हळूहळू फिरत आणि प्रत्येक खाटेपाशी थांबून मराठीत विचारत, काही हवंय का. बहुतेकांना ते कळत नसे.